मोटारगाडीचे वंगण : ठिबकत्या थेंबापासून फिरत्या तेलापर्यंत

(विक्रोळी येथे तांत्रिक विषयांच्या शिक्षकांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

मुंबईहून नाशिककडे जाणारा जुना आग्रा रोड कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, भांडुप आणि मुलुंड यांना एका दोऱ्यात ओवीत ठाण्याकडे जातो. उपनगरांतील या भागाला आज लालबहादुर शास्त्री मार्ग असे नाव आहे. त्याच्या दोन्ही अंगांचे मोठे कारखाने प्रामुख्याने स्वातंत्र्याच्या आगेमागे उभे राहिले. पिरोजशा गोदरेज यांनी विक्रोळीची जमीन घेतली ती १९४३ मध्ये. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून वाहने बाहेर पडू लागली ती १९४७ मध्ये. मोटारगाडी मात्र या परिसराने त्याच्या पुष्कळ आधी पाहिली. मुंबईत १८९८ च्या सुमारास मोटारी दिसू लागल्या, तेव्हा विक्रोळी हे ठाणे खाडीच्या काठचे एक खेडे होते आणि रस्त्यावर राज्य होते ते बैलगाडीचे.

ही दोन वाहने दिसायला कितीही भिन्न असली तरी एका बाबतीत सारखीच परावलंबी होती. दोन्हींना वंगण लागे, आणि दोन्हींत ते घालण्याची आठवण माणसाला ठेवावी लागे. मोटारगाडीच्या वंगणव्यवस्थेचा पुढचा सारा इतिहास म्हणजे हे काम माणसाच्या स्मरणातून काढून यंत्राच्या स्वाधीन करण्याचा इतिहास होय. तो सरळ रेषेत घडला नाही. काही ठिकाणी जुनी पद्धत नव्या पद्धतीच्या शेजारी अर्धशतकाहून अधिक काळ नांदली, आणि तिचे तसे नांदणे अडाणीपणाचे नव्हते.

बैलगाडीपासूनच प्रारंभ करणे योग्य ठरेल. गाडीवान वंगणाचे नळकांडे साटीखाली टांगून ठेवी. जळक्या चिंध्यांची राख एरंडेलात किंवा करडईच्या तेलात कालवून ते वंगण सिद्ध होई. लांबच्या मजलेस निघण्यापूर्वी चाक सैल करून आखाला ते माखले जाई. वाटेत चाक कुरकुरू लागले की गाडी थांबे आणि पुन्हा तोच विधी होई. या व्यवस्थेत दोष काढण्याजोगे फारसे काही नाही. गाडीचे चाक मिनिटाला जेमतेम पंधरा-वीस फेरे घेते. तुंब्यात निर्माण होणारी उष्णता सहज विरून जाते, आणि वंगण संपत आल्याची सूचना चाक स्वतःच कुरकुरून देते. सूचना मिळणे आणि नुकसान होणे यांच्यामध्ये गाडीवानाला पुरेसा अवधी मिळतो.

मोटारीच्या इंजिनात हा अवधीच नाहीसा झाला. अगदी आरंभीच्या इंजिनांचा क्रँकशाफ्टदेखील मिनिटाला हजाराच्या आसपास फेरे घेई. पिस्टनवर स्फोटाचा हादरा बसे आणि तो कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगवर येई. ही बेअरिंगे बहुधा कथिलप्रधान मऊ धातूची असत. हा मिश्रधातू २५० अंश सेल्सियसच्या आतच वितळू लागतो. तेल तुटले की पहिली कुरकुर कानावर पडेपर्यंत धातू वाहू लागलेला असे. गॅरेजच्या भाषेत ज्याला बेअरिंग उडणे म्हणतात तो प्रकार काही मिनिटांचाच खेळ होय.

थेंब मोजणारा चालक

पहिल्या पिढीच्या मोटारींमध्ये चालकासमोरच्या फळीवर तेलाची एक टाकी आणि तिच्याखाली काचेच्या लहान नळ्यांची रांग असे. प्रत्येक नळीतून थेंब पडताना दिसे आणि तो तांब्याच्या बारीक नळीवाटे एखाद्या बेअरिंगकडे किंवा सिलिंडरकडे जाई. मिनिटाला किती थेंब पडावेत हे चालकाने लहानशा सुईझडपेने ठरवायचे असे. चढ आला की थेंब वाढवावेत, सपाटी आली की कमी करावेत, थंडीत तेल घट्ट झाले तर झडप थोडी अधिक उघडावी आणि गाडी थांबली की सर्व झडपा बंद कराव्यात, अशी शिस्त होती. अनेक गाड्यांत याखेरीज एक हातपंप असे. ठराविक मैलांनंतर त्याचा एक दट्ट्या मारून तेलाची जादा मात्रा क्रँककेसमध्ये सोडली जाई.

एकदा गेलेले तेल परत येत नसे. काही जळून धूर होई, काही सांध्यांतून रस्त्यावर ठिबके. एका अर्थाने ही पद्धत अत्यंत स्वच्छ होती, कारण प्रत्येक बेअरिंगला सदैव नवे तेल मिळे. पण तिचा सारा भरवसा एका माणसाच्या लक्षावर होता, आणि त्याच माणसाने त्याच वेळी रस्ता, बैल, पादचारी, गिअर आणि हातब्रेकही सांभाळायचा होता. साहजिकच चालक झडपा गरजेपेक्षा अधिक उघड्या ठेवीत. मागून निळसर धूर निघत राहिला म्हणजे तेल पोहोचत आहे, अशी समजूत रूढ झाली. जादा तेलाने स्पार्क प्लग काळे पडत आणि पिस्टनवर कोळशाचा थर बसे, पण इंजिन जाम होण्यापेक्षा ते परवडे.

या काळात कोणते तेल वापरावे हाही कसोटीचा प्रश्न होता. महाराष्ट्रातील शेतकऱ्याला बांधावरचा एरंड परिचित आहेच. त्याचे तेल तापले तरी फार पातळ होत नाही आणि धातूला चिकटून राहते, म्हणून रेल्वे आणि कापडगिरण्यांपासून मोटारी-विमानांपर्यंत त्याला मागणी होती. लंडनच्या वेकफील्ड कंपनीने १९०९ मध्ये मोटार-विमानांसाठी जे तेल बाजारात आणले त्यात एरंडेल मिसळलेले होते. एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच त्याला कॅस्ट्रॉल हे नाव मिळाले. एरंडेल पेट्रोलमध्ये सहजी विरघळत नाही, म्हणून पहिल्या महायुद्धातील फिरत्या सिलिंडरांच्या विमान इंजिनांत तेच पसंत केले जाई. त्याचा दोष असा की उष्णतेने आणि हवेने ते राळेसारखे चिकट होते. ज्या इंजिनात तेल एकदाच वापरून फेकले जाते तेथे हा दोष चालून जातो. तेच तेल पुन्हा पुन्हा फिरवायचे म्हटले की मात्र चालत नाही. अशा रीतीने तेलाची निवड आणि वंगणाची रचना हे दोन वेगळे प्रश्न राहिले नाहीत. पुढे तेल फिरवणारी इंजिने आली तशी खनिज तेलांची बाजू बळकट होत गेली.

आसाच्या डोक्यावरचे छिद्र

मोटारीचा प्रश्न सोडविण्याची किल्ली मोटारीत नव्हे, रेल्वेच्या आसात सापडली. विक्रोळीवरून जाणाऱ्या लोहमार्गावर १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली. त्या काळापासून आगगाडीच्या आसावरील पेट्या तापून पेटणे ही सर्वच रेल्वेंची डोकेदुखी होती. त्यावर ब्रिटनमधील यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेने बीचम टॉवर या अभियंत्यास प्रयोग करण्यास सांगितले.

टॉवर यांनी आसाचा खालचा भाग तेलात बुडता ठेवला आणि वर पितळी बेअरिंग ठेवून त्यावर भार दिला. वरून तेल घालता यावे म्हणून बेअरिंगच्या माथ्यावर एक छिद्र पाडले. आस फिरू लागताच अपेक्षेच्या नेमके उलट घडले. छिद्रातून तेल आत जाण्याऐवजी बाहेर येऊ लागले. बूच बसविले तर ते उडाले, लाकडी खुंटी ठोकली तर तीही वर सरकून आली. अखेर तेथे दाबमापक लावला. बेअरिंगवरील सरासरी भार चौरस इंचास सुमारे १०० पौंड असताना मापकाचा काटा २०० च्या पुढे गेला. ही गोष्ट १८८३ ची. पुढे १८८६ मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी तिची गणिती उपपत्ती मांडली.

या प्रयोगाचा अर्थ शिक्षकांनी विद्यार्थ्यांना आवर्जून समजावून द्यावा असा आहे. फिरणारा आस आपल्यासोबत तेल ओढीत नेतो. आस आणि बेअरिंग यांच्यामधील जागा एका बाजूस रुंद व दुसऱ्या बाजूस चिंचोळी असते. त्या पाचरीत तेल दाबले जाते आणि संपूर्ण आस उचलून धरते. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यावरून वेगाने जाणारा टायर पाण्याच्या थरावर तरंगू लागतो आणि चाकाची पकड सुटते, तेथे हीच पाचर काम करीत असते. रस्त्यावर जो अपघात, तोच बेअरिंगमध्ये उपकार! नीट चाललेल्या इंजिनात धातू धातूला शिवतच नाही. मधला थर सर्वांत अरुंद जागी माणसाच्या केसाच्या जाडीहून कितीतरी पातळ असतो, पण तो असेपर्यंत झीज जवळजवळ होत नाही.

यातून दोन गोष्टी उघड झाल्या. पहिली अशी की भार पेलणारा दाब पंप निर्माण करीत नाही, तो आसाच्या फिरण्यातून निर्माण होतो. पंपाचे काम पाचरीच्या रुंद तोंडाशी तेल हजर ठेवणे एवढेच. दुसरी गोष्ट अशी की आस थांबलेला असताना हा थर नसतो. म्हणून इंजिनाची झीज धावताना होते त्याहून सुरू होताना अधिक होते. थंड इंजिन चालू करताक्षणी जोरात रेस करण्याची जी सवय अनेक चालकांना असते, तिच्याइतके इंजिनाचे नुकसान क्वचितच दुसरे काही करीत असेल.

बर्मिंगहॅमच्या बेलिस व मॉरकॉम या वाफेची इंजिने बनविणाऱ्या कारखान्यातील अल्बर्ट पेन यांनी १८९० मध्ये पंपाने अल्प दाबाखाली तेल बेअरिंगांना पुरविण्याची पद्धत पेटंट केली. वेगाने फिरणारी वाफेची इंजिने त्यामुळे दिवसरात्र चालू शकली. मोटारीपुढचे उत्तर असे मोटार बाल्यावस्थेत असतानाच तयार होते. तरीही मोटारीने ते लगेच उचलले नाही. मध्ये एक स्वस्त मार्ग होता, आणि तो बराच काळ पुरला.

उडते तेल आणि घाटाचा चढ

हा मार्ग म्हणजे शिंतोड्यांचे वंगण. क्रँककेसच्या तळाशी तेल साठवायचे, कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला एक लहान पळी बसवायची, आणि प्रत्येक फेऱ्यात ती पळी तेलात बुडून तेल उडवील अशी योजना करायची. उडालेले तेल भिंतींवर, पिस्टनवर, बेअरिंगांवरच्या पन्हळींत पडते आणि खाली परत येते. येथे तेल प्रथमच परतू लागले, आणि चालकाचे थेंब मोजणे संपले.

फोर्डची १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटींहून अधिक संख्येने बनलेली मॉडेल टी ही मोटार याच तत्त्वावर चालली. तिच्यात तेलाचा पंप नव्हता. मागच्या टोकाचे गतिपालक चाक तेल उडवी, ते एका लहान नरसाळ्यात पडे आणि नळीवाटे उताराने इंजिनाच्या पुढच्या टोकाकडे जाई. तेथून ते मागे वाहत येताना प्रत्येक रॉडखालच्या उथळ खाचा भरी. तेलाची पातळी पाहण्यासाठी बाजूला दोन लहान तोट्या होत्या. वरच्या तोटीतून तेल आले तर पुरेसे आहे, खालच्या तोटीतूनही आले नाही तर गाडी हलवू नये, असा नियम होता. तोट्या गाडीच्या पोटाखाली होत्या. चालकाने चिखलात वाकून त्या पाहाव्यात अशी अपेक्षा होती.

सपाट प्रदेशात ही योजना उत्तम. पण नळीतले तेल केवळ उतारावर अवलंबून होते. गाडी कसारा घाटासारख्या चढाला लागली की पुढचे टोक उंच होणार, आणि मागून पुढे जाणारा तेलाचा उतार नेमका तेव्हाच नाहीसा होणार. भार सर्वाधिक असताना पहिल्या सिलिंडरच्या रॉडला तेल सर्वांत कमी, असा हा प्रसंग होता. मॉडेल टीचे पुढचे रॉड बेअरिंग यासाठी कुप्रसिद्ध होते आणि जाणते मालक पुढच्या टोकाला तेलाची जादा नळी बसवून घेत. विश्वासार्हतेचा विचार करणाऱ्याने येथे थोडे थांबावे. व्यवस्थेची कसोटी सरासरी दिवशी लागत नाही. रस्ता चढाचा, ऊन वैशाखाचे, गाडीत माणसे जास्त आणि चालक नवखा असेल तेव्हा ती लागते.

तथापि शिंतोड्यांची पद्धत त्याज्य होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. जनरल मोटर्सने १९२८ पासून मुंबईत शिवडी येथे गाड्या जोडण्यास प्रारंभ केला. या कंपनीच्या सहा सिलिंडरांच्या शेव्हरोलेत मुख्य बेअरिंगांना पंपाने तेल मिळे, पण कनेक्टिंग रॉड पळीनेच तेल घेत. हे इंजिन १९५० च्या दशकाच्या प्रारंभापर्यंत ट्रकांना आणि मोटारींना वाहत होते. याहून जवळचे उदाहरण म्हणजे खेड्यातील पिठाची गिरणी आणि विहिरीवरचा पंप. तेथे पिढ्यान्‌पिढ्या फटफटणारे लिस्टर जातीचे सहा अश्वशक्तीचे डिझेल इंजिन मिनिटाला ६५० फेरे घेते आणि रॉडच्या टोकावरील पळीने स्वतःला तेल पाजते. ते जमिनीवर घट्ट बसविलेले असते, घाट चढत नाही, वेग बदलत नाही. अशा इंजिनाला पंप नसणे हाच एक गुण ठरतो, कारण जे नाही ते बिघडत नाही. रचना चांगली की वाईट हे ती कोठे वापरायची यावरून ठरते.

दाबाचे वंगण आणि त्यातील बारकावे

वेग वाढला, सिलिंडर वाढले, आणि पळीचे तेल अपुरे पडू लागले. ब्रिटनमधील फ्रेडरिक लँचेस्टर यांच्यासारख्या अभियंत्यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच मोटारीच्या क्रँकशाफ्टमध्ये छिद्रे पाडून त्यांतून पंपाने तेल खेळविले. पुढील तीन-चार दशकांत ही पद्धत सार्वत्रिक झाली. प्रीमियरच्या कुर्ला कारखान्यातून निघालेल्या आणि मुंबईकरांच्या टॅक्सीच्या रूपाने स्मरणात राहिलेल्या फियाट मोटारीही याच पद्धतीच्या. त्यांपैकी पद्मिनीची अखेरची टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पर्यंत मुंबईच्या रस्त्यांवर होती.

दाबाच्या वंगणाची कल्पना सोपी आहे. इंजिनाच्या तळाशी तेलाचे चेंबर, त्यातून तेल ओढणारा दोन दातेरी चाकांचा पंप, तेथून गाळणी, मग इंजिनाच्या अंगातून जाणारी मुख्य वाहिनी, वाहिनीपासून प्रत्येक बेअरिंगला फाटा, आणि शेवटी तेल आपोआप चेंबरमध्ये परत. कालव्यावर ज्यांनी पाणीवाटप पाहिले आहे त्यांना हे चित्र परिचित वाटेल. मुख्य कालवा, फाटे, शेतचाऱ्या आणि शेवटच्या शेताचे दुखणे, सारे येथे आहे. वाहिनीच्या शेवटच्या बेअरिंगला पाणी, म्हणजे तेल, पोहोचले तरच रचना यशस्वी.

बारकावे यापुढे सुरू होतात. सकाळी तेल थंड व घट्ट असते. तेव्हा पंपाचा दाब इतका वाढेल की गाळणी किंवा पंपाचे दाते तुटतील. म्हणून वाहिनीवर स्प्रिंगची एक झडप असते. दाब मर्यादेबाहेर गेला की ती उघडते आणि जादा तेल चेंबरमध्ये परत सोडते. पंप शक्यतो तेलात बुडालेला ठेवतात, म्हणजे गाडी सुरू होताच त्याला हवा ओढीत बसावे लागत नाही. चेंबरमध्ये आडवे पत्रे बसवितात. वळणावर किंवा अचानक ब्रेक लावल्यावर सारे तेल एका बाजूला पळाले तरी पंपाचे तोंड उघडे पडू नये, हा त्यांचा हेतू. तेलाचा साठाही गरजेहून मोठा ठेवतात, कारण तेल बेअरिंगची उष्णता वाहून नेते आणि चेंबरच्या पत्र्यावाटे ती हवेत सोडते. तेल कमी असेल तर तेच थोडे तेल घाईघाईने फिरत राहते आणि त्याला निवायला वेळ मिळत नाही.

तालुक्याच्या कचेऱ्यांना चांगली ओळख असलेली जीप या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. महिंद्र कंपनीने १९४७ मध्ये मुंबईत विलिस जीपची जोडणी सुरू केली. युद्धासाठी बनविलेल्या या गाडीच्या इंजिनात तेल ओढणारी गाळणी चेंबरच्या तळाशी घट्ट बसविलेली नव्हती. ती एका पोकळ तरंगत्या डब्याला जोडलेली होती आणि तेलाच्या पातळीबरोबर वर-खाली होई. धूळ, धातूचा चुरा आणि पाणी जड असल्याने तळाशी बसतात. तरंगती गाळणी तेल वरच्या थरातून घेते. धुळीच्या वाटेवर, नाल्याच्या पाण्यातून जाणाऱ्या गाडीसाठी याहून समंजस तोड सापडणे कठीण. पुढच्या काळात कागदी गाळण्या सुधारल्या आणि तरंगत्या डब्याची गरज उरली नाही.

गाळणीचा प्रश्नही लक्षात घेण्याजोगा आहे. तेल गाळणारा कागदी-कापडी फिल्टर मोटारीत १९२३ नंतर आला. आरंभी फिरत्या तेलाचा थोडाच भाग फिल्टरमधून जाई, उरलेले तेल न गाळता बेअरिंगकडे. पुढे सर्व तेल गाळून पाठविण्याची पद्धत आली. पण फिल्टर तुंबला तर? अशा वेळी बेअरिंगला तेलच मिळणार नाही. म्हणून फिल्टरच्या आतच आणखी एक झडप ठेवतात. फिल्टर तुंबला की ती उघडते आणि घाणेरडे तेल तसेच पुढे जाऊ देते. घाणेरडे तेल तेल नसण्यापेक्षा बरे, हा तो निर्णय आहे. निर्णय योग्यच आहे, परंतु त्याची किंमत अशी की फिल्टर तुंबल्याचे चालकाला कळतच नाही. गाडी पूर्वीसारखीच चालते, आणि आतमध्ये कानशीसारखे तेल फिरत असते.

दिवा काय सांगतो आणि काय सांगत नाही

थेंब मोजण्याच्या काळात चालकाला तेल प्रत्यक्ष दिसत असे. दाबाच्या पद्धतीत ते दिसेनासे झाले. त्याच्या जागी प्रथम दाबमापक आणि नंतर, स्वस्ताईसाठी, लाल दिवा आला. हा दिवा दाब फार खाली गेला म्हणजे पेटतो. तो पेटल्यावर पुढच्या गावापर्यंत जाऊ असे म्हणणाऱ्या चालकाच्या इंजिनाचे काम निघाल्याशिवाय राहत नाही. गाडी तेथेच उभी करून इंजिन बंद करणे, एवढेच त्यावेळी करण्यासारखे असते.

परंतु दिवा विझलेला आहे म्हणजे सर्व ठीक आहे, असाही त्याचा अर्थ नाही. मापक पंपापुढचा अडथळा दाखवितो. एखाद्या बेअरिंगचा फाटा चिखलाने बंद झाला तर दाब कमी होण्याऐवजी वाढलेलाच दिसेल. उलट बेअरिंगे झिजून फटी रुंदावल्या तर तेल पुरेसे असूनही दाब उतरेल. तेल जुने आहे, त्यात पाणी उतरून ते दुधासारखे झाले आहे, पेट्रोल किंवा डिझेल मिसळून ते पातळ झाले आहे, यांपैकी काहीही दिवा सांगत नाही. हे फक्त तेल मोजण्याची कांडी सांगते. गाडी सपाट जागी उभी करावी, इंजिन बंद करून तेल खाली उतरू द्यावे, कांडी पुसून पुन्हा घालावी, मग पातळी पाहावी. तेलाचा एक थेंब बोटांत चोळून कचकच लागते काय हे बघावे. या सगळ्याला दोन मिनिटे लागतात.

सार्वजनिक वाहनांच्या बाबतीत ही दोन मिनिटे कोणाची, हा खरा प्रश्न आहे. खाजगी गाडीला एक मालक असतो. पाण्याचा टँकर, रुग्णवाहिका, शाळेची बस किंवा ग्रामपंचायतीचा पंप यांना चालक बदलते असतात, आणि प्रत्येकजण तेल आधीच्या माणसाने पाहिले असेल असे मानून चालतो. एप्रिल-मे महिन्यात टँकरचे इंजिन जाम झाले तर केवळ दुरुस्तीचा खर्च येऊन भागत नाही, वाडीवस्तीचे पाणी तुटते. लॉगबुकात किलोमीटर आणि डिझेल यांच्या रकान्यांशेजारी तेलाच्या पातळीचा रकाना असावा, तो गाडी ताब्यात घेणाऱ्याने भरावा, आणि फिल्टर बदलल्याची तारीख गाडीच्या अंगावरच लिहावी, एवढी व्यवस्था कोणत्याही पंचायतीला अनुदानाशिवाय करता येते.

थेंबाच्या पद्धतीचा एक वारस मात्र अगदी अलीकडेपर्यंत रस्त्यांवर राहिला. दोन घावांची स्कूटर आणि रिक्षा यांच्या इंजिनात क्रँककेसचा उपयोग पेट्रोलमिश्रित हवा ढकलण्यासाठी होतो, म्हणून तेथे तेल साठविता येत नाही. तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. बजाजच्या पुण्याजवळील आकुर्डीत बनलेल्या स्कूटरचा मालक पेट्रोलपंपावर लिटरमागे तेलाचे माप टाकून घेई. ते तेल जळून धुरावाटे निघून जाई. रिक्षावाल्याने भीतीपोटी माप वाढविले की धूर वाढे. निळ्या धुराला वंगणाची हमी समजण्याची शंभर वर्षांपूर्वीची समजूत येथे जशीच्या तशी टिकून होती.

दुसऱ्या टोकाचे उदाहरण विक्रोळीतच आहे. गोदरेज कंपनीने १९५८ मध्ये शीतकपाटे बनविण्यास प्रारंभ केला. घरगुती शीतकपाटातील कॉम्प्रेसर आणि त्याची मोटर एका पोलादी डब्यात सांधे जोडून कायमची बंद केलेली असतात. तेल आत एकदाच भरतात. कांडी नाही, झाकण नाही, कोणी आठवण ठेवायची नाही. असा कॉम्प्रेसर वर्षानुवर्षे चालतो, कारण आत धूळ शिरत नाही, इंधन जळत नाही आणि तेल दूषित होण्याचे मार्गच बंद आहेत. मोटारीच्या इंजिनाला हे भाग्य लाभणे शक्य नव्हते. ज्यात रोज आग पेटते त्यातील तेल काळे होणारच आणि ते बदलावे लागणारच.

बदललेले काळे तेल जाते कोठे, हेही पंचायत सदस्यांनी आणि नगरपालिकांनी विचारावे. जुनी मोटार आपले तेल थेंबाथेंबाने वाटेवर सांडीत असे. आजची मोटार तीन-चार लिटर तेल एकदम काढून देते, आणि गॅरेजमागच्या गटारात ते ओतले तर नाल्यावाटे खाडीला मिळते. विक्रोळीच्या पूर्वेस ठाणे खाडीचे कांदळवन आहे. खाडीचा काही भाग २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर क्षेत्राचा दर्जा मिळाला. कांदळवनाची श्वासमुळे चिखलातून वर येऊन हवा घेतात. त्यांच्यावर तेलाचा थर बसला की ती गुदमरतात. घातक कचऱ्यासंबंधीच्या २०१६ च्या केंद्रीय नियमांत वापरलेल्या तेलाचा समावेश आहे. ते प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच द्यावयाचे असते. तेथे त्यातील पाणी, इंधनाचा अंश, काजळी आणि धातूचा चुरा काढून टाकतात. खनिज तेल बेअरिंगमध्ये फिरून झिजत नाही, ते मळते आणि त्यातील मिसळलेली रसायने खर्ची पडतात. मळ काढून रसायने पुन्हा घातली की तेच तेल दुसऱ्या एखाद्या इंजिनात फिरू लागते.